रोहिणी डोक्यावर आली की: बेळगाव भागातल्या अंगणातून तारकागुच्छ आणि तेजोमेघ कसे बघायचे

आमच्याकडं रोहिणी आणि मिरग ही नावं शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसालाही पाठ असतात, पण ती पावसाची नावं म्हणून. २५ मेच्या सुमाराला रोहिणी निघाली की धूळवाफेची भातपेरणी, ७ जूनच्या आसपास मिरग निघाला की सगळ्यांचे डोळे आभाळाकडं. नक्षत्र निघालं म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला. मग ते तारे सूर्याबरोबरच उगवतात आणि मावळतात, रात्री दिसतच नाहीत. जिच्या नावावर पेरणी होते ती रोहिणी डोळ्यांनी बघायची तर भात घरात आल्यावर, थंडीतच.

बेळगावातून ती बघण्यात एक मजा आहे. बेळगाव आहे १५.८५ उत्तर अक्षांशावर आणि रोहिणीचं आकाशातलं स्थान साडेसोळा अंश उत्तर. फरक एक अंशाहून कमी. म्हणून ती आपल्याकडं अगदी माथ्यावरून जाते. जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेनऊला अंगणात उभं राहून मान पूर्ण मागं टाका. थेट डोक्यावर जो तांबूस तारा दिसेल, ती रोहिणी.

हे आधी सांगण्याला कारण आहे. दुर्बीण घेतल्यावर आपण जी माहिती वाचतो ती बहुतेक चाळीस-पन्नास अक्षांशावर राहणाऱ्यांनी लिहिलेली असते. तिथं ध्रुवतारा आभाळाच्या मध्याशी असतो आणि दक्षिणेकडचं बरंच आकाश क्षितिजाखालीच राहतं. आपल्याकडं ध्रुव जेमतेम १६ अंशांवर, म्हणजे उत्तरेच्या झाडांच्या शेंड्याला टेकलेला, आणि दक्षिण खुली. आकाशातला सगळ्यांत मोठा गोलाकार तारकागुच्छ आणि मृगातल्या तेजोमेघाहूनही मोठा असलेला एक तेजोमेघ आपल्या दक्षिणेला, खानापूरच्या रानावर उगवतो. इथं दुर्बीण असून हे दोन्ही बघितलेले नाहीत असं कुणी भेटलं की मला खरंच हळहळ वाटते. खालच्या सगळ्या वेळा आणि उंची बेळगाव धरून काढल्या आहेत. निपाणी-चिकोडीला अर्ध्या अंशाचा फरक, तो सोडून द्या. बिदर-भालकीकडं दक्षिणेचे तारे दोन अंश खाली दिसतील, कारवारकडं एक अंश वर.

काय बघायचं आहे, ते थोडक्यात

तारकागुच्छ दोन जातींचे. खुले गुच्छ म्हणजे एकाच ढगातून जन्मलेले शेकड्यांनी तारे, अजून एकत्र चाललेले. कृत्तिका हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. गोलाकार गुच्छ म्हणजे लाखो म्हाताऱ्या ताऱ्यांचा घट्ट गोळा, बहुतेक दहा अब्ज वर्षांहून जुने. तेजोमेघ म्हणजे वायू आणि धुळीचे ढग. काहींत तारे जन्मतात, काही मेलेल्या ताऱ्यानं उधळलेले असतात. काही तेजोमेघ खरोखर वायूचे असतात हे १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी त्यांच्या प्रकाशाचा वर्णपट तपासून दाखवलं. तोवर पुरेशी मोठी दुर्बीण मिळाली तर सगळेच ढग ताऱ्यांत सुटतील असं अनेकांना वाटत असे.

यादीत दिसणारं ‘एम’ हे अक्षर शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकाचं. धूमकेतू शोधताना फसवणाऱ्या धूसर डागांची यादी त्यांनी केली. १७८१ साली छापलेल्या यादीत १०३ वस्तू होत्या, आज ११० धरतात.

दुर्बीण

माझी पहिली दुर्बीण खोक्यावर ‘५२५ पट’ असं छापलेली होती. आरसा लहान आणि तिपाई इतकी हलकी की फोकसच्या चाकाला बोट लावलं तरी चित्र चार-पाच सेकंद थरथरायचं. ती घेऊन अख्खा एक हिवाळा मी मृगातला तेजोमेघ शोधत होतो. तो समोर असूनही ओळखता आला नाही, कारण ‘पट’ मोठी होती आणि उजेड नव्हता. धूसर वस्तूंना पट लागत नाही, उजेड लागतो. उजेड मिळतो आरशाच्या व्यासातून.

म्हणून सहा किंवा आठ इंची आरसा, लाकडी खोक्यासारख्या डॉब्सोनियन बैठकीवर. ही बैठक अमेरिकेतल्या जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केली: खाली फिरणारी चकती, वर वर-खाली होणारी नळी, मोटर नाही, वायरी नाहीत. आठ इंची आरसा अंधारात मोठ्या झालेल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सुमारे ८०० पट उजेड गोळा करतो. इक्वेटोरियल बैठक ध्रुवाकडं रोखावी लागते, आणि आपला ध्रुव इतका खाली असतो की घरं आणि नारळीच त्याला झाकतात. फोटो काढायचे नसतील तर त्या भानगडीत पडू नका.

आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगाची नळी, दोन पुरेत. आठ इंचीची फोकल लांबी, म्हणजे आरशापासून चित्र जमतं तिथवरचं अंतर, साधारण १२०० मिलिमीटर असते. २५ मिलिमीटरच्या आयपीसनं १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट मिळते, १० मिलिमीटरच्या आयपीसनं १२० पट. शोधायचं पहिल्यानं, निरखायचं दुसऱ्यानं. पैसे उरलेच तर १०×५० ची (दहा पट, ५० मिलिमीटरची भिंगं) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या. तिचा उपयोग पुढं येतोच.

तेजोमेघांसाठी यूएचसी किंवा ओ-थ्री फिल्टर मिळतो. तेजोमेघातला ऑक्सिजन ५०० नॅनोमीटरच्या जवळ जो हिरवट प्रकाश देतो तो हा फिल्टर आत सोडतो, बाकीचा अडवतो. तारकागुच्छांवर तो लावू नका, तारेच मंद होतील. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या उजेडाला हे फिल्टर चांगले अडवत. आताच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यामुळं फिल्टर घेऊन शहरात बसण्यापेक्षा गावाबाहेर जाणं कधीही चांगलं.

जागा: शहर पाठीशी ठेवा

बेळगावकरांनी शहराच्या दक्षिणेला जावं. काकतीकडं किंवा सांबऱ्याच्या बाजूला गेलात तर दक्षिणेचं किंवा पश्चिमेचं आकाश शहराच्या उजेडात धुऊन जातं. येळ्ळूर-राजहंसगडाच्या बाजूला किंवा खानापूर रस्त्यानं पुढं गेलात तर शहर उत्तरेला, पाठीमागं पडतं, आणि तोंड असतं खानापूरच्या काळोखाकडं. जांबोटीच्या पुढं तर हिवाळ्यात आकाशगंगेची सावळी पट्टीही डोळ्यांना दिसते. पण कणकुंबी-चोर्ल्याच्या रानात रात्री रस्त्याकडेला थांबू नका. तिथं गवे आणि अस्वलं आहेत, आणि वळणावर वेगानं येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही. ओळखीच्या माणसाचं शेत किंवा घराचं अंगण शोधा.

भात काढलेलं रिकामं शेत ही आपल्या भागातली फार चांगली वेधशाळा आहे. जमीन सपाट, दक्षिण उघडी, डांबर-सिमेंटची गरम वाफ नाही. धसकटातनं चालताना बूट घाला आणि बांधावर पाय टाकण्याआधी बॅटरी मारा, सापांसाठी. मालकाला आधी सांगा, शेजारच्या शेतकऱ्यालाही सांगा. रात्री थ्री-फेज लाईट आली की कुणीतरी मोटार चालू करायला येतंच, आणि अंधारात नळीजवळ वाकलेली अनोळखी माणसं बघून त्यांनी घाबरावं हे बरं नाही. आधी सांगितलं असेल तर ते येताना स्वतःच बॅटरी खाली धरतात.

उंची मोजायला हात पुढं ताणून मूठ धरा. ती साधारण दहा अंश झाकते. दक्षिणेकडं दीड मूठ उंचीपर्यंत काही आडवं नको. ऊस उभा असेल तर त्याच्यापासून निदान वीस पावलं मागं सरा. गाळपाच्या दिवसांत जवळ कुठं पाला पेटवला असेल तर ती रात्र सोडून द्या.

रात्र निवडणं

संध्याकाळी बघायचं तर कृष्ण सप्तमीपासून शुक्ल चतुर्थीपर्यंतच्या रात्री. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अमावास्येला खूण करा, तिच्या आजूबाजूचे दिवस आपले. दिवाळीची अमावास्या मात्र गावात वाया जाते, फटाक्यांचा धूर रात्रभर बसून राहतो.

पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या मध्यापासून आकाश उघडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले मुख्य महिने, अडचण फक्त दवाची. मार्चनंतर धूळ वाढते. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी वळीव कोसळून गेला आणि रात्री ढग फाटले तर कपडे बदलत बसू नका, तसेच बाहेर पडा. धूळ खाली बसलेली असते आणि दक्षिण क्षितिजापर्यंत आकाश स्वच्छ होतं. वर्षातल्या माझ्या उत्तम चार-पाच रात्री अशा वळवानंतरच्या आहेत.

संध्याकाळची तयारी

दिवस मावळताना दुर्बीण बाहेर आणून ठेवा. खोलीतला आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर त्याच्यावरून उठणारी गरम हवा ताऱ्यांना शेपट्या फोडते. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत नळीची झाकणं काढू नका आणि नळी पश्चिमेकडं रोखू नका. सूर्य एक क्षणही दुर्बिणीतून दिसला तर डोळा कायमचा जातो. मुलं आसपास असतील तर हे त्यांना दरवेळी सांगा.

उजेड आहे तोवर फाइंडर, म्हणजे नळीवरची छोटी शोधक दुर्बीण, जुळवून घ्या. अर्धा-एक किलोमीटरवरचा मोबाईल टॉवर किंवा देवळाचा कळस मुख्य दुर्बिणीत मधोमध आणायचा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तोच कळस तिथंही मधोमध आणायचा. दोन मिनिटांचं काम, पण न केल्यास रात्र शोधण्यातच जाते.

नंतर कॉलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आहेत का ते बघणं. लोक याला उगाच घाबरतात. आयपीस काढून त्याच्या जागी मधोमध बारीक भोक पाडलेलं झाकण लावा आणि आत बघा. लहान आरशात मोठ्या आरशाचा पूर्ण गोल दिसला पाहिजे, त्याच्या मधली खूण आणि तुमच्या भोकाचं प्रतिबिंब एकमेकांवर बसलं पाहिजे. बसत नसेल तर मागचे तीन स्क्रू एकेक करून पाव-पाव फेरा फिरवा आणि प्रत्येक वेळी परत बघा. रात्री एखादा ठळक तारा मुद्दाम अस्पष्ट केला की एकात एक कड्या दिसतात. मधली काळी सावली बरोबर मध्ये असेल तर काम झालं. गाडीतून खडकाळ रस्त्यानं नेल्यावर हे दरवेळी तपासा.

दवासाठी योगासनाची स्वस्त फोमची चटई घ्या. ती नळीच्या तोंडाला गुंडाळून नळीच्या व्यासाच्या दीडपट पुढं राहील अशी बांधा. आयपीस वापरात नसताना खिशात ठेवा, अंगाच्या उबेनं त्यावर दव धरत नाही.

मग डोळे. पूर्ण अंधारात वीस मिनिटांनी डोळा बराच तयार होतो, तीस मिनिटांनी अधिक. एकदा मोबाईलचा पांढरा पडदा बघितला की पुन्हा पहिल्यापासून. बॅटरीवर लाल जिलेटिन कागदाच्या तीन-चार घड्या रबरानं बांधा. स्टेलॅरियमसारखं आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप लावणार असाल तर ते रात्रीच्या लाल रंगात ठेवा आणि उजेड अगदी कमी करा. आणि घरात घोंगडं असेल तर घेऊन जा. ते डोक्यावरून घेऊन आयपीसला डोळा लावला की बाजूचा सगळा उजेड तुटतो, थंडीही लागत नाही. काळ्या कापडापेक्षा ते कितीतरी चांगलं.

शेवटची गोष्ट नजरेची. मंद उजेड ओळखणाऱ्या पेशी डोळ्याच्या ऐन मध्यात नसतात, बाजूला असतात. म्हणून धूसर वस्तूवर नजर रोखायची नाही, तिच्या बाजूला बघायचं. उजवा डोळा लावत असाल तर नजर वस्तूच्या थोडी उजवीकडं न्या, आणि लक्ष मात्र वस्तूवरच ठेवा. नसलेला ढग अचानक उमटतो. दिसलं नाहीच तर नळीला हळूच टिचकी मारा. हलणारा धूसर डाग डोळ्याला लवकर कळतो.

हिवाळ्याची वाट

कृत्तिकेपासून सुरू करा, पण मुख्य दुर्बिणीतून नव्हे. हा गुच्छ आकाशात सुमारे दोन अंश पसरलेला आणि ४८ पटीला तुमच्या आयपीसमध्ये मावतो फक्त एक अंश. दुर्बिणीत चार-सहा ठळक तारे दिसतात आणि गुच्छ हरवतो. द्विनेत्री किंवा फाइंडरमधूनच कृत्तिका खरी दिसते, निळसर हिऱ्यांसारखी. अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षं. शिवाय ती आपल्या माथ्यापासून फक्त आठ अंशांवरून जाते, आणि डॉब्सोनियनची नळी सरळ उभी झाली की बैठक फिरवणं अवघड होतं. माथ्यावरच्या सगळ्याच वस्तू तासभर आधी किंवा तासभर नंतर बघाव्यात.

आता मृग. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री साडेआठच्या सुमाराला तो दक्षिणेला सर्वांत उंच असतो. चार कोपऱ्यांचे चार पाय, मध्ये ओळीत तीन तारे, ते व्याधानं मारलेला बाण. आमच्याकडची जुनी माणसं त्यांना तिकांडं म्हणतात. तिकांड्याच्या खाली, दक्षिणेला, मंद ताऱ्यांची एक लहान उभी ओळ दिसते. तिच्या मधला तारा डोळ्यांनाच जरा पुसट वाटतो. तोच एम ४२, मृगातला तेजोमेघ.

इथं निदान वीस मिनिटं थांबा. ४८ पटीला आधी दिसेल तो राखाडी, किंचित हिरवट ढग, पंख पसरल्यासारखा. तासन्‌तास उजेड साठवून काढलेल्या फोटोतला गुलाबी रंग इथं मिळणार नाही. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, दोष दुर्बिणीचा नाही. दोन मिनिटांनी ढगाच्या ऐन मध्यात चार तारे सुटे होतील, चौकोनात अगदी जवळजवळ. या तेजोमेघाला पेटवणारे हेच. आता १० मिलिमीटरचा आयपीस लावा. चौकोनाच्या बाजूनं ढगात काळी खाच घुसलेली दिसेल, जणू समुद्राची खाडी जमिनीत शिरावी तशी. ती रिकामी जागा नाही, उजेडाच्या पुढं आलेला धुळीचा ढग आहे. उत्तरेला त्याच काळ्या पट्ट्यापलीकडं छोटासा वेगळा डाग म्हणजे एम ४३. आता नजर बाजूला न्या आणि पंख कुठवर जातात ते बघा. दहाव्या मिनिटाला ते पहिल्या मिनिटापेक्षा दुप्पट लांब दिसतात. ढग तोच असतो, तुमचा डोळा शिकलेला असतो. हे अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं. आता डोळ्यात शिरणारा उजेड तिथून निघाला तेव्हा बदामीला चालुक्य राज्य करत होते.

मृगापासून तिकांड्याच्या रेषेत खाली डावीकडं आलात की व्याध. व्याधाच्या थेट दक्षिणेला चार अंशांवर एम ४१ हा खुला गुच्छ आहे. फाइंडरमध्ये व्याध कडेला ठेवला की तो त्याच वर्तुळात येतो. लक्षात ठेवा, अशा दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, त्यामुळं सुरुवातीला नळी नेहमी चुकीच्या बाजूला ढकलली जाते. दोन-तीन रात्रींत हाताला सवय होते.

मिथुनेच्या पायाशी एम ३५ बघा. त्याच्या कडेला एक बारीक धुरकट ठिपका दिसला तर तो एनजीसी (दुसऱ्या एका मोठ्या यादीचं नाव) २१५८, जवळजवळ चौपट लांबचा दुसरा गुच्छ. एकाच चित्रात जवळचं आणि दूरचं असं इतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी मिळतं. सारथीतले एम ३६, ३७, ३८ हे खुले गुच्छ याच फेरीत होऊन जातात, त्यातला ३७ सगळ्यांत दाट. रोहिणीजवळच्या वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी एम १ आहे, १०५४ साली चिनी निरीक्षकांनी दिवसासुद्धा दिसलेला म्हणून नोंदवलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा अवशेष. सहा इंचीत तो केवळ अंडाकृती पुसट डाग आहे, निराश होऊ नका. मार्चकडं येता येता पुनर्वसू आणि मघा यांच्या मधोमध पुष्य नक्षत्रातला एम ४४ हा खुला गुच्छ डोळ्यांनीच धूसर दिसतो. तोही द्विनेत्रीचा.

चैत्र-वैशाख: आपलं दक्षिण आकाश

एप्रिलच्या मध्याची अमावास्या धरा. रात्री साडेनऊला दक्षिणेकडं तोंड करून उभे राहा. दीड मूठ उंचीवर, क्षितिजाजवळ, एटा कॅरिनेचा तेजोमेघ तेव्हा सर्वांत उंच असतो, सुमारे १४ अंश. तो शोधायचा त्रिशंकूवरून. त्रिशंकू म्हणजे पतंगासारखे चार तारे. ते डावीकडं, थोडे खाली, वर चढत असतात. तिथून उजवीकडं एक मूठ आणि थोडं पुढं आलं की आकाशगंगेत डोळ्यांनाच एक उजळ ठिपका दिसतो. दुर्बीण तिथं लावा. ढग काळ्या रेघांनी चिरलेला दिसेल आणि एका ठिकाणी त्या रेघांचा कोन झालेला असेल. आत जो नारिंगी तारा दिसतो तोच एटा कॅरिने. १८४३ साली तो इतका उजळला होता की आकाशात व्याधाखालोखाल तोच. फिल्टर असेल तर तो इथं वापरा, फरक स्पष्ट कळतो.

मग थांबा. चहा घ्या, पाठ टेकवा. ओमेगा सेंटॉरी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला सगळ्यांत मोठा गोलाकार गुच्छ, एप्रिलच्या मध्यावर मध्यरात्रीनंतर वीसेक मिनिटांनी दक्षिणेला उभा येतो. जागरण नको असेल तर मेच्या मध्यावर साधारण सव्वादहा-साडेदहाला. तो सापडवण्याची सोपी युक्ती आहे आणि ती आपल्याच अक्षांशावर कामाची. चित्रा नक्षत्राचा निळसर-पांढरा तारा दक्षिणेला सर्वांत उंच आला की ओमेगा सेंटॉरी त्याच्या थेट खाली असतो, साडेतीन मुठींवर. चित्रेवरून ओळंबा सोडल्यासारखी नजर खाली आणायची. क्षितिजापासून २७ अंशांवर पुसट, जरा फुगलेला ‘तारा’ दिसतो. १६०३ सालच्या आपल्या नकाशात बायर या जर्मन नकाशाकारानं त्याला ताऱ्यासारखंच अक्षर दिलं होतं. १६७७ साली सेंट हेलेना बेटावरून एडमंड हॅली यांनी तो तारा नसल्याची नोंद केली.

आठ इंचीतून ४८ पटीला पूर्ण चंद्राएवढा गोळा दिसतो, मध्ये दाट, कडेला विरळ. १२० पटीला तो फुटतो. शेकडो बारीक ठिपके, आणि त्यांच्या मागं आणखी न सुटणारा उजेड. सुमारे एक कोटी तारे, १७ हजार प्रकाशवर्षांवर. ज्या शेतात मी जातो तिथले मालकाचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, मोटार बंद करायला आले होते. म्हटलं, “तात्या, डोळा लावा की जरा.” त्यांनी घोंगडं सावरलं, वाकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खळ्यावर रास ओतल्यागत दिसतंय की रे. मधी ढीग, कडंला सांडलेलं.” गोलाकार गुच्छाचं याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही, तेव्हापासून नवख्याला मी हेच सांगतो: मधला ढीग नको बघू, सांडलेलं बघ. कडेचे सुटे तारे दिसायला लागले की डोळा आत आत सरकतो.

उत्तरेकडच्या यादीत हर्क्युलिसमधल्या एम १३ या गोलाकार गुच्छाचं फार कौतुक असतं. तोही सुंदर आहे, मे महिन्यात अकराला पूर्वेला चांगला वर येतो. दोन्ही एकाच रात्री बघा आणि आपणच ठरवा.

पावसाळा संपल्यावर

दसऱ्याच्या सुमाराला वेळ थोडा असतो. साडेसातला धनु राशी नैऋत्येला कललेली, चहाच्या किटलीसारखी. किटलीच्या चोचीवर एम ८ हा तेजोमेघ आणि त्यातच रुतलेला खुला गुच्छ, झाकणाच्या टोकाजवळ एम २२ हा गोलाकार गुच्छ. वृश्चिकाच्या शेपटीत, मूळ नक्षत्राच्या डावीकडं वर, एम ६ आणि एम ७ हे खुले गुच्छ द्विनेत्रीनं. हे मावळले की अभिजितजवळ एम ५७ या तेजोमेघाकडं वळा: कमी पटीला तो जरा फुगलेल्या ताऱ्यासारखा वाटतो, आणि शंभर पटीच्या आसपास गेलं की त्याची धुराची बारीक कडी होते.

वही आणि पावसाळी ठेवण

प्रत्येक वस्तूचं पेन्सिलीनं चित्र काढा, वाईट आलं तरी. तारीख, वेळ, आयपीस, आकाश कसं होतं हे चार शब्दांत. काढायला बसलं की डोळा जास्त वेळ थांबतो, आणि पुढच्या वर्षी तोच ढग बघताना आपण काय सोडलं होतं ते कळतं. एका रात्रीत तीन-चार वस्तू भरपूर झाल्या.

वळीव संपून रोहिणी निघायच्या आत दुर्बीण बांधून ठेवा. खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात चार महिने भिंतींनाही बुरशी येते, तिथं काचेचं काय. एका पावसाळ्यात माझा एक आयपीस कापडी पिशवीत राहिला आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली, ती गेलीच नाही. आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पुड्यांतल्या खड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत घाला. आरसा ओला झाला असेल तर पुसू नका, आधी पूर्ण वाळू द्या, मग दोन्ही टोकांना झाकण. नळी भिंतीला न टेकवता, खाली पाट घालून, घरातल्या सगळ्यांत कोरड्या खोलीत उभी ठेवा. मधे कधी सलग दोन दिवस ऊन पडलं तर खोलीच्या खिडक्या उघडून झाकणं दोन तास काढा. थेट उन्हात नको.